रकाना क्रमांक एकोणीस

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी इंटर्न झाले. ही बातमी कॉलनीत सगळ्यात आधी शेजारच्या कनीजभाभींना सांगितली. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी तशीच धरून म्हणाल्या, "इंटर्न म्हंजे ते डॉक्टरकी शिकनारे पोरं ना? बरं झालं. माझी शुगर आता तूच पाहत जा." मी म्हटलं, डॉक्टरकी नाही भाभी, बालहक्क. आंतरराष्ट्रीय बालहक्क. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग पोरायले इंजेक्शन देशील का?"

त्यांची यात काही चूक नाही. इंटर्न हा शब्द माझ्या वयाला शोभतच नाही. चौतीस वर्षं मी चंद्रपुरात एका सरकारी कार्यालयाची आवक-जावक सांभाळली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख. गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद. साहेब अकरा बदलले, टेबल एकच राहिलं. अशा बाईनं निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसावं, हे मलाही कळतं. पण मी घरातल्या डब्यांना क्रमांक दिले. हळद एक, तिखट दोन. छत्री बाहेर न्यायची असेल तर आमच्या यांनी, म्हणजे धनराजरावांनी, दाराजवळच्या वहीत सही करायची. तीन महिने त्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या. चौथ्या महिन्यात मला न विचारता मोबाइलवर माझ्या नावानं कुठल्याशा परदेशी संस्थेचा अर्ज भरून टाकला. वयाची अट नाही, असं त्यात लिहिलेलं होतं म्हणे. बायकोला घराबाहेर काढायचा इतका सभ्य मार्ग आमच्या कॉलनीत आजवर कुणाला सुचला नव्हता.

मुलाखत व्हिडिओवर झाली. घेणारी मयुरी, सव्वीस वर्षांची, नागपूरची. तिनं विचारलं, "तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती?" मी म्हटलं, "चौतीस वर्षांत एकही रकाना कोरा सोडलेला नाही." ती एकदम खूश झाली. संस्थेत येणारी तरुण मुलं फॉर्म अर्धेच भरतात, अशी तिची जुनी तक्रार होती. माझी निवड त्या एका वाक्यावर झाली आणि पुढचं सगळं रामायणही त्याच वाक्यानं घडवलं.

कॉलनीनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि गणपतीच्या मंडळाकडे उरलेला एक हार. कनीजभाभींचे मिस्टर रईसभाई, ज्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, ते बोलायला उभे राहिले. "भाभी आता इंटरनॅशनल लेवलवर जाऊन राह्यली. आपल्या गल्लीची शान हाय." इंटरनॅशनल लेवल म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातला कुरखेडा तालुका, हे त्या क्षणी स्पष्ट करायची मला गरज वाटली नाही. नंतर प्रत्येकानं सल्ला दिला. रईसभाईंनी एक टॉर्च दिला आणि बजावलं, "अस्वल दिसलं तं टॉर्च त्याच्या तोंडावर नाई माराचा, त्याले राग येते." ते स्वतः अस्वल फक्त कॅलेंडरवर पाहिलेले गृहस्थ. कुणी लिंबाचं लोणचं दिलं, कुणी ताकीद दिली की जंगलात कुणी काही खायला दिलं तर खायचं नाही, आणि त्याच माणसानं जाताना सांगितलं की तिकडचा मध मिळाला तर आणायचा.

धनराजरावांनी मात्र बसस्टँडवर एकच वाक्य टाकलं. "पोरायचं ऐकाचं काम हाय म्हंते. तुले ऐकाची सवय नाई. जमन का?"

मला राग आला. संस्थेचा 'ऐकण्याचं कौशल्य' नावाचा ऑनलाइन कोर्स मी शंभरपैकी शहाण्णव गुण घेऊन पास झाले होते. ते मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांना मध्ये काही बोलायचं होतं, पण बस सुटली.

शाल अंगावर घेतल्यानं एक गोष्ट पक्की झाली होती. तीन महिने पूर्ण करून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कॉलनीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

कुरखेड्याला मयुरी घ्यायला आली होती. आल्या आल्या म्हणाली, "भागीरथा, प्रवासात त्रास नाही ना झाला तुला?" संस्थेत सगळे एकमेकांना नावानं आणि अगं-तूगं करतात म्हणे, परदेशातल्या मोठ्या साहेबांपासून खालपर्यंत. माझी सून मला 'तुम्ही' म्हणतानासुद्धा अजून धाकानं दोनदा अडखळते. मी ओठ घट्ट मिटून मान हलवली. माझं काम तिनं समजावून सांगितलं: टेंभरीटोल्यात राहायचं, मुलांची बालसभा भरवायची, मुलांची एक मागणी काढायची आणि दर शनिवारी सत्तावीस रकान्यांचा फॉर्म भरून पाठवायचा. सत्तावीस रकाने ऐकल्यावर माझा प्रवासाचा शीण गेला.

टेंभरीटोला म्हणजे जंगलाच्या कडेची पंचेचाळीस घरं. माझी सोय अंगणवाडीतल्या मदतनीस गिरजाबाईंकडे होती. घरात त्या आणि त्यांची पाचवीतली नात उर्वशी, दोघीच. उर्वशीचे आईवडील तिकडे तेलंगणात मिरची तोडायला गेलेले. मार्च उजाडला होता, मोह गळायला लागला होता, सगळ्या गावाला त्याचा गोड, जड वास येत होता. पहिल्याच पहाटे चार वाजता डबे वाजवल्याचा आवाज आला म्हणून मी उठले, तर उर्वशी टोपली घेऊन निघालेली. तिच्यासोबत गावातली सगळी पोरं.

"एवढ्या अंधारात कुठे?"

"मोहा येचाले," गिरजाबाई म्हणाल्या. "अस्वल बी येते ना मोहा खाले, म्हून डबे वाजवत जाते सारे मिळून."

"पण चार वाजता काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. उत्तर ऐकायला थांबले नाही, कारण मला तेवढ्यात टॉर्चची आठवण झाली. रईसभाईंचा टॉर्च मी उर्वशीला दिला आणि तोंडावर मारायचा नाही हेही सांगितलं. ती हसली. तिनं अस्वल बरेचदा पाहिलेलं होतं.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची, सात वाजता. मी सातला शाळेत गेले तर आदेश सर, तिथले एकटे शिक्षक, मोह वेचून लवकर परतलेल्या चार मुलांसमोर हजेरी घेत होते. पटावर एकतीस. बाकीची पोरं आठ-साडेआठला धावत आली, केसांत पाला, हाताला चिकट रस. उर्वशी सगळ्यात शेवटी आली. तिच्या नावापुढे त्या महिन्यात सलग 'गै' लागलेला होता. "शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली एकच पोरगी हाय माही," सर हळू आवाजात म्हणाले, "अन् तिचंच गणित रोज सुटते." मी हे ऐकलं आणि डायरीत लिहिलं: वर्गात फळा लहान आहे.

त्याच दुपारी पहिली बालसभा घेतली. एकतीस मुलं गोल करून बसली. मी उभी राहून त्यांना त्यांचे हक्क समजावले. ऐकलं जाण्याचा हक्क हा सगळ्यात महत्त्वाचा, हे मी पंचवीस मिनिटं समजावलं. मध्येच उर्वशीनं हात वर केला. "बाई, मले बोलाचं हाय." मी म्हटलं, "शेवटी बोल, बाळा." शेवट आला तेव्हा वेळ संपली होती. मग मी मागणी विचारली. उर्वशी म्हणाली, "आमी आधी आपसात बसतो, सारे एक झालो का सांगतो. आमच्या गावात एकानं बी नाई म्हटलं तं ठराव होत नाई."

"किती दिवस लागतील?"

"लागन तितके."

शनिवार दोन दिवसांवर होता. मी मागणीच्या जागी 'वाचनालय' लिहून टाकलं. लहान मुलांना वाचनालय हवंच असतं.

आता त्या फॉर्मचं सांगते. शनिवारी दुपारी गिरजाबाईंच्या पडवीत मी चटई टाकून, चष्मा पुसून बसले. पहिले अठरा रकाने निर्मळ होते. रकाना एकोणीस: 'या आठवड्यात काम करताना आढळलेली बालके.' दुसऱ्या कुणी शून्य लिहिलं असतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी लिहिलं: एकतीस. रकाना वीस, कामाचे स्वरूप: वेचणे. एकवीस, वेळ: पहाट. बावीस, ठिकाण: जंगल. तेवीस, परिसरातील धोके: अस्वल. चोवीस, हाताळलेला पदार्थ: मोहफूल. पंचवीस, त्या पदार्थाचा उपयोग. इथे मी पेन तोंडात धरून बराच विचार केला. मोहाची भाजी होते, लाडू होतात, उकडून खातात, गुरांना घालतात. पण चौकट दोन बोटांची. त्यात मावेल असा एकच शब्द सुचला: दारू.

सव्वीस, सुचवलेली कार्यवाही. पर्याय तीन होते: 'कायदेशीर', 'निवासी व्यवस्था' आणि 'अन्य (वेगळे पान जोडावे)'. वेगळं पान माझ्याकडे नव्हतं. कायदेशीर शब्द कठोर वाटला. निवासी व्यवस्था म्हणजे पंखा असलेलं वसतिगृह माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्या उकाड्यात मी तिथे खूण केली. सत्तावीस, मुलांचे इंटर्नविषयी मत, हा शेवटच्या आठवड्यात भरायचा होता. तोसुद्धा कोरा ठेवणं जिवावर आलं, म्हणून तिथे 'यथावकाश' लिहिलं. फॉर्मला जावक क्रमांक एक दिला आणि फोटो काढून पाठवला.

गावात मोबाइलला रेंज एकाच जागी येते. पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर, तेही उत्तरेकडे तोंड करून. सोमवारी सकाळी मी तिथे उभी राहिले तर मयुरीचे चौदा फोन येऊन गेलेले.

"भागीरथा, तू काय लिहिलंस?"

"जे पाहिलं ते."

"हेडऑफिसला त्याचं भाषांतर काय झालंय माहीत आहे? एकतीस मुलं अंधारात, जंगलात, अस्वलांच्या मध्ये, दारूचा कच्चा माल गोळा करतात आणि त्यांना ताबडतोब वसतिगृहात हलवावं अशी आमच्या इंटर्नची शिफारस आहे! हेलेना तर रडलीच." हेलेना म्हणजे आमच्या परदेशातल्या वरिष्ठ, त्या महिन्यात दिल्लीला आल्या होत्या. "गुरुवारी ती स्वतः येतेय. आणि त्यांनी पत्राच्या प्रती तालुक्याला पण पाठवल्यात."

"किती कार्यालयांना?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, पण चौतीस वर्षांची सवय.

"तीन!"

मला क्षणभर बरं वाटलं हे कबूल करते. माझ्या कुठल्याही कागदाच्या प्रती एका फेरीत तीन कार्यालयांना गेल्या नव्हत्या. मग पायरीवरून खाली पाहिलं तर उर्वशी हंडा घेऊन उभी. मयुरीचा आवाज टाकीखालपर्यंत पोचत होता.

"मले होस्टेलात टाकनार का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, कार्यवाही चालू आहे. तिनं हंडा भरला आणि गेली. त्या दिवशी गिरजाबाईंनी मला नेहमीसारखंच वाढलं, आंबील दिली, पण विचारलं काहीच नाही. त्या म्हाताऱ्या बाईच्या घरातलं एकुलतं एक माणूस मी दोन बोटांच्या चौकटीत खूण करून उचलून नेलं होतं.

संध्याकाळी ग्रामसभेचे मुखरूभाऊ आले. पन्नाशीचे, शांत. मी आरडाओरड्याची तयारी करून बसले होते. माझा जावक क्रमांकही तोंडपाठ होता. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "बाई, लिवलं ते लिवलं. मले एकच सांगा. लिवाच्या आधी पोरायले विचारलं का तुमी?"

मी म्हटलं, मी त्यांना हक्क समजावून सांगितले होते.

"ते आयकलं मी. विचारलं का?"

मी वही चाळायला लागले. ते म्हणाले, "गुरुवारी पोरायचीच सभा भरवू. पाव्हने बी बसतीन." आणि उठून गेले. मला इतका अपमान एखाद्या साहेबानं सगळ्यांसमोर फाइल फेकली तेव्हाही वाटला नव्हता.

गुरुवारी साडेनवाला दोन गाड्या आल्या. पहिलीतून मयुरी आणि हेलेना मॅडम उतरल्या. उंच, डोक्यावर टोपी, उन्हानं लाल झालेल्या. दुसऱ्या गाडीतून तालुक्याच्या तीन कार्यालयांचे तीन साहेब: एक कामगारांचे, एक जंगलाचे, एक शिक्षणाचे. तिघांनी उतरल्यावर पहिली चौकशी खुर्च्यांची केली. सभा गावाबाहेरच्या मोठ्या मोहाखाली होती आणि तिथे खुर्ची नावाची वस्तू नव्हती.

मुखरूभाऊंनी पाहुण्यांना रीत सांगितली. "आमच्या सभेत मतदान नाई. गोलात बसला तो सभेतला. त्यानं हो म्हटलं पाह्यजे. एक जरी नाई म्हटला तं ठराव नाई, अन् ठराव होईस्तोर कोनी उठत नाई. पोरायच्या सभेले बी हेच." मयुरीनं हेलेना मॅडमना भाषांतर करून सांगितलं. त्या पटकन मांडी घालून बसल्या. साहेब लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रुमाल अंथरले. मी नोंदी घ्यायच्या म्हणून वही उघडून मध्येच बसले. सभेत मोजली जाईन हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

उर्वशी उभी राहिली. चार दिवस पोरं आपसात बसत होती, ते मला माहीत नव्हतं. "तीन गोष्टी हायत," ती म्हणाली. "पयली. शाळा सातले भरते म्हून आमी चारले जातो, नाई तं मोहा पुरा होत नाई. मोहा पडते तवरी शाळा दहाले भरवा. मंग आमी उजेड झाल्यावर जाऊ. मले गणित बी भेटन. दुसरी. आमी होस्टेलात जात नाई. माही आजी एकटी हाय. तिसरी. बाईनं लिवलं ते आमाले विचारून पुन्हा लिवावं."

मी वहीतून वर पाहिलं. चार वाजता काऊन, हे मी पहिल्याच पहाटे विचारलं होतं. उत्तर मिळालं आठ दिवसांनी, आणि तेही मी ऐकलं ते मला उठता येत नव्हतं म्हणून.

एकेकाला विचारायला सुरुवात झाली. एकतीस पोरं हो. आदेश सर हो. हेलेना मॅडम दोन्ही हात वर करून हो. जंगलाचे साहेब म्हणाले, उजेडात गेले तर अस्वलाचा त्रास आपोआप कमी, हो. कामगारांचे साहेब म्हणाले, घरचंच काम, उजेडात, शाळा न बुडवता, मग माझं इथं काय काम, हो. शिक्षणाचे साहेब म्हणाले, "मी वर कळवतो."

"वर नाई भाऊ," मुखरूभाऊ म्हणाले, "इथी सांगा."

साहेबांनी वर पाहिलं. वर मोहाचं झाड होतं. एक फूल त्यांच्या रुमालावर पडलं. "हो," ते म्हणाले, "पण मला एक अर्ज द्या."

शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

मला दोष द्यायचा तर द्या, पण माझं ऐकून घ्या. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य होत्या, मनापासून. पण तिसरी? जावक झालेला कागद पुन्हा लिहायचा? जे गेलं ते गेलं. त्यात खाडाखोड नाही, काही पुसणं नाही, मागे घेणं नाही. मी जन्मभर ज्यावर उभी राहिले तेच पाचवीतल्या मुलीच्या सांगण्यावरून सोडायचं, तेही तीन कार्यालयांच्या देखत!

मला वाटलं आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. कुणी काही बोललं नाही. हीच त्या गावाची रीत. सगळे नुसते बसून राहिले. साडेअकरा झाले. बारा झाले. ऊन डोक्यावर आलं. गिरजाबाईंनी सगळ्यांना आंबील दिली, मला आधी. जंगलाचे साहेब कळवळून म्हणाले, "बाई, हो म्हणा ना, मला दोनची मीटिंग आहे." मुखरूभाऊंनी त्यांना थांबवलं. "दबाव नाई टाकाचा, साहेब. त्यायले वेळ लागून राह्यला." हेलेना मॅडम डोळे मोठे करून सगळं पाहत होत्या आणि मयुरी त्यांच्या टोपीची सावली स्वतःवर घ्यायचा प्रयत्न करत होती.

साडेबाराला उर्वशी माझ्यासमोर येऊन बसली. "बाई, तुमी नाई काऊन म्हंता?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीचा वसतिगृहाचा अर्ज आला होता, पोंभुर्ण्याकडची. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना तिनं कोरा ठेवला होता. वडील वारलेले, काय लिहावं तिला कळलं नसावं. मी न बघता शिक्का मारला आणि कागद पुढे पाठवला. दोन महिन्यांनी तो 'त्रुटी' म्हणून परत आला. प्रवेश बंद झाले होते. ती मुलगी खिडकीशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी ये. ती आली नाही. तेव्हापासून मी रकाना कोरा सोडत नाही आणि गेलेल्या कागदाला हात लावत नाही, कारण हात लावायचा तो आधीच लावायचा असतो.

हे मी घरी कधी सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच. मी अशी का आहे हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, फक्त कनीजभाभी हसायच्या आणि धनराजराव सही करायचे. डोळ्यांना पाणी आलं. मी ते उन्हावर ढकललं.

उर्वशी विचार करत होती. "मंग तिले कोनी विचारलं नाई का, काय लिवाचं म्हून?"

"नाही."

"तुमी बी नाई?"

"मीही नाही."

मग ती हळूच म्हणाली, "मंग कोरं नोका ठेवू. लिवलेलं पुसू बी नोका. आमी सांगतो ते वेगळ्या कागदावर लिवा."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. शुद्धिपत्रक! आधीच्या पत्राला धक्का न लावता त्यातली चूक दुरुस्त करणारं वेगळं पत्र. अशी शेकडो शुद्धिपत्रकं माझ्या हातून गेली होती, दुसऱ्यांच्या चुकांची. स्वतःच्या चुकीचं एकही नाही, म्हणून आठवलंच नाही. आणि सव्विसाव्या रकान्यात तर छापलंच होतं: अन्य, वेगळे पान जोडावे. आदेश सरांनी वहीतलं पान फाडून दिलं. मी हात वर केला.

"हो," मी म्हटलं. जंगलाच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि निघायला उठले, पण ठराव लिहून व्हायचा होता म्हणून त्यांना पुन्हा बसवलं.

शुद्धिपत्रक पोरांनी सांगितलं आणि मी लिहिलं, एक शब्द माझ्या पदरचा न घालता. रकाना तेवीसवर बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: 'अस्वल आहे. पण ते आमच्या आधीपासून आहे.' रकाना पंचवीस: 'भाजी, लाडू, उकडून खाणे. दारू मोठी माणसं करतात, त्यांना विचारा.' सव्वीस: 'शाळा दहाला.' मागणी वाचनालय: 'हे आम्ही म्हटलं नव्हतं. पण चालेल.' हेलेना मॅडमनी ते पान भाषांतर करवून दोनदा ऐकलं आणि वर नेलं. वसतिगृहाची शिफारस त्याच आठवड्यात रद्द झाली. शाळा सोमवारपासून मोह संपेपर्यंत दहाला भरली. पहिल्या दिवशी हजेरीत उर्वशीच्या नावापुढे सरांनी 'ह' लिहिला, तो तिनं टेबलाशी येऊन स्वतः पाहिला.

शेवटच्या आठवड्यात रकाना सत्तावीस उरला. मुलांचे इंटर्नविषयी मत: इंटर्नने तुमचे ऐकले का? हो किंवा नाही. त्यासाठी पोरांनी मला गोलातून उठवलं आणि मी टाकीच्या पायरीवर जाऊन बसले. सकाळ गेली. जेवणं झाली. पुन्हा बसली. कुणीतरी एक तयार होत नव्हतं, कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही. तीन वाजता उर्वशीनं फॉर्म आणून दिला. 'हो' आणि 'नाही' दोन्ही चौकटी तशाच होत्या, आणि बाजूला लिहिलं होतं: 'आदी नाई आयकत होती. आता आयकाले लागली.'

संस्थेचा संगणक हो किंवा नाहीशिवाय दुसरं काही घेत नाही. त्यामुळे माझं प्रमाणपत्र अडकलं. मयुरी म्हणाली, "भागीरथा, फक्त 'हो'वर खूण कर ना, कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, दोन्ही चौकटी कोऱ्या राहू देत. त्या पोंभुर्ण्याकडच्या मुलीच्या अर्जानंतर माझ्या हातून पहिल्यांदाच रकाना कोरा गेला.

कॉलनीत पोचले तर कनीजभाभी ओट्यावर होत्याच. "सर्टिफिकेट कुठी हाय?" मी त्यांना त्या पानाची झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती हात लांब धरून वाचली, परत दिली आणि म्हणाल्या, "धनराजभाऊले दाखव. तो नाई मानाचा."

धनराजरावांनी दार उघडलं. पिशवी घेतली, पाण्याचा तांब्या दिला. छत्रीच्या वहीत तीन महिन्यांच्या सह्या जागच्या जागी होत्या. मी नसतानाही त्यांनी एकही चुकवली नव्हती. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी काय म्हंतो..."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी किती वेळा सुरू केलं असेल, त्याची माझ्याकडे नोंद नाही. मी तांब्या खाली ठेवला, त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घातली आणि म्हटलं, "सांगा."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "बरी हायेस ना?"

"बरी आहे. सांगा."

ओशाळून ते म्हणाले, "पुढचं तयारच नाई वं माझ्यापाशी. कधी काम पडलंच नाई."

"होऊ द्या तयार," मी म्हटलं. "मी बसते."